चाकांवरचे घर आणि रिकामा खिळा

सप्रेम जयभीम.

लेखाची सुरुवात जयभीमने करायची आपली रीत आहे. माझ्या अंगावर मात्र या शब्दाचे एक जुने देणे आहे. पस्तीस-चाळीस वर्षे झाली, ते फिटलेले नाही. गेल्या उन्हाळ्यात नातीला घेऊन चाकांवरच्या घरातून पाच दिवस फिरलो, तेव्हा ते देणे पहिल्यांदाच कुणापाशी तरी कबूल केले. ते इथे लिहितो आहे ते माझे कौतुक व्हावे म्हणून नव्हे. कौतुक करण्यासारखे त्यात काही नाही. आपल्या घरोघरी आजी-आजोबा आहेत, नातवंडे आहेत आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी येते, म्हणून लिहितो.

मी शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा. एस.टी.त चालक म्हणून एकतीस वर्षे काढली. आता वय सदुसष्ट. मंडळी वारून चार वर्षे झाली. थोरला मुलगा पुण्याकडे एका कंपनीत कामाला आहे. धाकटा गावी राहून छोटा हत्ती चालवतो. कांदा, चारा, मंडपाचे सामान, मिळेल ते भाडे मारतो. नात थोरल्याची. वय वर्षे नऊ.

एप्रिल महिन्यात थोरल्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाला, "आबा, पोरीला काही दिवस गावी न्या. तिच्याशी काय बोलावं मला सुचत नाही."

झाले होते असे. नातीच्या वाढदिवसाला तिच्या सोसायटीतल्या मैत्रिणी घरी यायच्या होत्या. सूनबाई स्वयंपाकघरात होती. पोरीने खुर्ची सरकवली, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवला आणि कपाटात गोधड्यांच्या मागे ठेवून दिला. शेजारचा भगवान बुद्धांचा फोटो तसाच राहू दिला. मैत्रिणी येऊन, केक खाऊन गेल्या. त्यानंतर सूनबाईचे लक्ष भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे गेले. तिने पोरीला विचारले. पोरगी म्हणाली, "बुद्धाचा फोटो सगळ्यांच्याच घरी असतो. बाबासाहेबांचा फक्त आपल्याच घरी असतो." सूनबाईचा हात सुटला. मग दोघीही रडत बसल्या.

आठवड्यापूर्वी एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आजीने नातीला आडनाव विचारले होते. आडनाव ऐकून पुन्हा विचारले होते, "म्हणजे तुम्ही कोण?" या प्रश्नाचे उत्तर नऊ वर्षांच्या पोरीला ठाऊक नव्हते. पण प्रश्न कसा विचारला गेला ते तिला बरोबर कळले होते.

मी मुलाला म्हणालो, "पाठवून दे तिला."

पोरगी आली ती गप्प. बोलायची तर फक्त मोबाईलकडे बघून. एक दिवस तिने मला परदेशातल्या एका गाडीचे चित्रीकरण दाखवले. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, भांडी घासायची मोरीसुद्धा. पांढऱ्या केसांचे आजी-आजोबा नातवाला घेऊन गावोगाव फिरत होते. रात्र झाली की झाडाखाली गाडी लावायची आणि तिथेच झोपायचे. नात म्हणाली, "आबा, काकांच्या गाडीत असं घर होईल?"

मला हसू आले. घर गाडीवर घालून हिंडणारी माणसे न्हावऱ्याला नवी नाहीत. आमच्याकडे घोडगंगा साखर कारखान्याच्या भोवती मी ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या आहेत. बैलगाडीत चूल, बोचकी, कोंबड्या आणि त्यावर तान्ही पोरे. त्यांना कुणी हौसेने फिरायला निघालेले म्हणत नाही. हे मी तिला सांगितले. आपण जाऊ ते सुट्टी म्हणून, पण चाकांवर घर घालायची वेळ कुणावर पोटासाठी येते, हेही ध्यानात ठेव, असे म्हणालो. मग धाकट्याला विचारले. तो म्हणाला, "पाच दिवस भाडं बुडेल, पण न्या."

दोन दिवस आम्ही गाडीच्या मागे होतो. हौद्यावर लोखंडी कमानी होत्याच, त्यावर नवी ताडपत्री ओढली. खाली फळ्या टाकून वर गादी आणि सतरंजी अंथरली. एका कोपऱ्यात पाच किलोचा गॅस, तवा, पातेले, डाळ-तांदूळ, पीठ-मीठ. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याचे वीस लिटरचे दोन जार दोरीने आवळले. उशाला बॅटरीवरचा दिवा आणि पंखा. एक नियम मी आधीच सांगितला. गाडी चालू असताना मागे कुणी बसायचे नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. चालताना पोरगी माझ्या शेजारी केबिनमध्ये, पट्टा लावून. गाडी उभी राहिली की मागे आमचे घर.

बुद्धपौर्णिमेला गावातल्या विहारात वंदना घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पारगावजवळ भीमा ओलांडली. चौफुला, सुपे, मोरगाव, नीरा करत लोणंदला आलो. सालपे घाट चढून वाठारवरून दुपारी साताऱ्यात पोहोचलो. या रस्त्यांवर माझी उमर गेलेली. कुठल्या वळणावर गिअर बदलायचा हे हाताला आपोआप कळते. पण एवढ्या वर्षांत या वाटेवर आपल्या मनाने एकदाही उतरलो नव्हतो. वेळापत्रक होते, घंटी होती. नातीची आजी म्हणायची, "साऱ्या महाराष्ट्राला फिरवता, मला एकदा महाड तरी दाखवा." दाखवू, दाखवू म्हणता ती गेली. तिचे एक जुने लुगडे मी त्या गादीवर पांघरायला घेतले होते.

साताऱ्यात राजवाड्याजवळ प्रतापसिंह हायस्कूल आहे. बाबासाहेबांच्या लहानपणी ते सरकारी हायस्कूल होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे त्यांचे नाव दाखल झाले. रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे, क्रमांक १९१४. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. सुट्टीमुळे शाळा बंद होती. आम्ही बाहेरूनच पाहिली. नातीने विचारले, "ते किती वर्षांचे होते?" मी म्हणालो, "तुझ्याएवढे." ती बराच वेळ फाटकाच्या गजांतून आत बघत उभी राहिली. फोटोतला माणूस कोट घातलेला, चष्मा लावलेला, मोठा. तो कधी आपल्याएवढा होता हे तिच्या मनात कधी आलेच नव्हते.

ती रात्र साताऱ्याबाहेर एका पेट्रोलपंपाजवळ काढली. दुसऱ्या दिवशी उन्हाचा कडाका होता, म्हणून उतरत्या दुपारी निघालो आणि उंब्रजवरून मसूरला गेलो. मसूर हे पुणे-मिरज मार्गावरचे साधे स्टेशन. तिथे बघण्यासारखे काय, असे कुणीही विचारील. पण मला नातीला नेमके तिथेच न्यायचे होते.

स्टेशनापासून थोडे अलीकडे एका चहाच्या टपरीशेजारी गाडी लावली. टपरीवाल्याकडे पाणी मागितले. त्याने नळी लावून दोन्ही जार भरून दिले. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. मीठ-भाकरीची सोय आहे का, एवढे मात्र विचारले. भल्या माणसाचे भले होवो. खिचडी शिजली, पोरगी जेवली. अंधार पडल्यावर हौद्यात दिवा लावला आणि मी तिला याच स्टेशनची गोष्ट सांगितली.

बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. वेटिंग फॉर अ व्हिसा हे त्या लेखनाचे नाव. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. त्यातली पहिलीच आठवण उन्हाळ्याच्या सुट्टीची आहे. साल १९०१. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते. आई वारलेली. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले, असे चौघे सुट्टीत वडिलांकडे निघाले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. पोरे हरखून गेली होती. रेल्वेत बसायची ती त्यांची पहिलीच वेळ.

संध्याकाळी गाडी मसूरला आली. न्यायला कुणीच नव्हते, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरला आधी वाटले ही ब्राह्मणांची मुले असावीत. त्याने चौकशी केली. भिवाने खरे ते सांगून टाकले, आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा पार बदलला. तो आत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण या पोरांना कुणी गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बरोबर पायी चालणार.

नात मध्येच म्हणाली, "नऊ वर्षांच्या मुलांनी बैलगाडी चालवली?"

चालवली. रात्रभर. बरोबर फराळाचा डबा होता, पण घशाखाली घास उतरायला पाणी नव्हते. वाटेत एका ओढ्यात डबके होते, ते जनावरांच्या शेणा-मुताने गढूळलेले. मध्यरात्रीच्या सुमारास एका जकातनाक्यावर पोहोचले. गाडीवाल्याने सांगितले, तिथे पाणी मागायचे तर आपण मुसलमान आहोत म्हणून सांगा, कदाचित मिळेल. भिवा त्या नाकेवाल्याकडे गेला आणि त्याच्याशी उर्दूत बोलला. आपण मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागितले.

इथे मी थांबलो. नात उठून बसली.

"बाबासाहेब खोटं बोलले?"

"हो. तहानलेले होते. तुझ्याएवढे होते."

"मग मिळालं पाणी?"

"नाही. त्यानं हाकलून लावलं. चौघं तसेच तहानलेले झोपले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता वडिलांकडे पोहोचले, तेव्हा सारे हाल संपले."

ती कितीतरी वेळ बोलली नाही. पंख्याचा तेवढा आवाज होता. मग तिने विचारले, "मोठे झाल्यावर तर त्यांना कुणी अडवलं नाही ना?"

मी तिला दौलताबादचे सांगितले. १९३४ साल. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, लंडनच्या गोलमेज परिषदांना जाऊन आलेले. सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला सहलीला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काही जणांनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. लगेच तळे बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. पुढे किल्ला बघायला सोडले ते, कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि बरोबर पहारेकरी देऊन.

हे सांगताना मला कळत होते की मी माझ्या गोष्टीभोवती घिरट्या घालतो आहे. पोरीचा जीव त्या फोटोत अडकलेला होता. तिला कुणी म्हटले नव्हते की हे सगळ्यांचे झालेले आहे. सगळ्यांनी तिला म्हटले होते की तू चुकलीस. मग मी बोललो.

१९८७ साल असेल. मला एका गावची मुक्कामी गाडी लागली होती. गावाचे नाव घेत नाही. त्या काळी मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकाला गावातले एखादे घर प्रेमाने जेवू घालायचे. पहिल्याच रात्री घरमालकाने आडनाव विचारले. माझे आडनाव दोन्हीकडे चालणारे. तो म्हणाला, "म्हणजे आपल्यातलेच की." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मान हलवली. ती मान आठ महिने हलती राहिली. त्या घरच्या माउलीने मला भावासारखे वाढले. माझ्या लायसनच्या पाकिटात बाबासाहेबांचा छोटा फोटो असायचा. त्या गावची हद्द आली की तो मी सीटच्या गादीखाली सरकवायचो. सकाळी हद्द ओलांडली की परत पाकिटात.

एके दिवशी पहाटे त्या गावच्या आपल्या वस्तीतले एक म्हातारे बाबा गाडीत चढले. पांढरे धोतर, हातात काठी. त्यांनी मला कुठेतरी सभेला पाहिले असावे. दरवाजातून माझ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "जयभीम, ड्रायव्हरसाहेब." पाठीमागे तो घरमालक बसला होता. मी आरशात पाहिले. गिअर टाकला आणि गाडी काढली. उत्तर दिले नाही.

त्यानंतरही ते बाबा गाडीत येत राहिले. पुन्हा कधी जयभीम घातला नाही. कुणाला काही सांगितलेही नाही. मागच्या बाकावर जाऊन बसायचे. उतरताना माझ्याकडे बघायचे नाहीत. माझी अब्रू त्यांनी राखली आणि मी त्यांचा जयभीम परत केला नाही. पुढे माझी ड्यूटी बदलली. त्यांचे नाव मला आजही माहीत नाही.

हे मी मंडळीला सांगितले नव्हते. मुलांनाही नाही. मुलांना मी काय सांगत आलो? महाडचे सांगितले, नागपूरच्या दीक्षेचे सांगितले, भीमा कोरेगावला दर १ जानेवारीला खांद्यावर बसवून नेले. सारे विजयाचे. आपण लपलो कधी, घाबरलो कधी, ते गिळून टाकले. मला वाटायचे, पोरांना अभिमान द्यावा, भीती कशाला द्यावी? पण भीतीला देण्याघेण्याची गरज नसते. बाप गप्प बसला की पोराला ती न बोलताच कळते. माझा थोरला कंपनीत गप्प, धाकट्याने गाडीच्या काचेवर जयभीम लिहिलेले नाही, बाजारातली गिऱ्हाइके तुटतील म्हणून. आणि नातीने फोटो उतरवला. माझ्या सीटखालचा फोटो तीन पिढ्या चालत येऊन तिच्या कपाटात गेला होता.

नात म्हणाली, "आबा, तुम्ही त्या बाबांना सॉरी म्हणालात?"

"नाही, बाळा."

ती माझ्या जवळ सरकली. आजीचे लुगडे अर्धे माझ्या अंगावर टाकले आणि झोपली. मला झोप लागली नाही. रात्री एक मालगाडी धडधडत गेली, तेव्हाही ती जागी झाली नाही.

तिसऱ्या दिवशी साताऱ्याला परत येऊन मेढ्यावरून महाबळेश्वर चढलो आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरायला लागलो. वाटेत ब्रेक थंड होऊ देण्यासाठी गाडी बाजूला घेतली. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी, नुसत्या ब्रेकवर सोडू नये, हे मी नव्या चालकांना कायम सांगायचो, ते तिलाही सांगितले. तेवढ्यात सूनबाईचा फोन आला. तिनेही या दिवसांत बरेच वाचले होते. तिने आम्हाला एक नवी गोष्ट सांगितली.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा काळा पोस्टमन होता. तिथे काळ्या माणसांकडे स्वतःच्या मोटारी आल्या, तरी प्रवासात खाणावळी जेवण देत नव्हत्या, हॉटेले खोली देत नव्हती. म्हणून ती माणसे घरून डबे, पाणी, पांघरुणे, पेट्रोलचे डबेसुद्धा घेऊन निघत आणि वेळ आली तर गाडीतच झोपत. ग्रीनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली. कुठल्या गावात कुठले घर, कुठली खाणावळ, कुठले गॅरेज काळ्या प्रवाशाला दारात उभे करील, याची ती यादी होती. ग्रीन बुक म्हणून ती ओळखली जाई. तीस वर्षे ती निघत राहिली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला, हॉटेलांना रंगावरून नाही म्हणता येईना. मग त्या पुस्तिकेची गरज सरली आणि थोड्याच वर्षांत ती बंद झाली.

नातीने विचार करून म्हटले, "म्हणजे गाडीतलं घर हौसेचं पण असतं आणि भीतीचं पण." मी म्हणालो, "पोटाचंही असतं." ती म्हणाली, "हो, ऊसवाल्यांचं." पोरीच्या ध्यानात राहिले होते.

संध्याकाळी महाडला पोहोचलो. सकाळी लवकर चवदार तळ्यावर गेलो. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर होता, पाणी तळ्यात होते आणि मध्ये माणसे उभी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर आले आणि पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. तळ्याचे शुद्धीकरण झाले. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी.

मी हे सांगत होतो, पण या वेळी नातीने हिशेब घातला. बोटे मोडून म्हणाली, "१९०१ला पाणी मिळालं नाही. १९२७ला प्यायले. म्हणजे सव्वीस वर्षं." मी आयुष्यभर महाडवर भाषणे ऐकली, पण ही वजाबाकी कधी केली नव्हती. मसूरच्या वाटेवर तहानलेला झोपलेला पोरगा तळ्यापर्यंत पोहोचायला सव्वीस वर्षे लागली. त्या रात्री त्याने आपली ओळख लपवली होती. म्हणून तो लहान झाला नाही. लपावे लागले हे तो विसरला नाही आणि पुढे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवायला लाजला नाही.

तळ्याच्या काठावर आणखी एक कुटुंब आले होते, मराठवाड्याकडचे. त्यांच्यात धोतर नेसलेले एक म्हातारे होते. त्यांनी दुरूनच हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम, पाव्हणं."

त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत मी "जयभीम" म्हणालो. इतक्या मोठ्याने की त्यांच्याबरोबरची पोरे वळून बघायला लागली. माझा आवाज फाटला. नातीने माझा हात धरला आणि तीही म्हणाली, "जयभीम." ते बाबा आणि हे बाबा वेगळे, हे मला कळते. एकाचे देणे दुसऱ्याला देऊन फिटत नाही. पण निदान व्याज तरी दिले.

परतताना माणगाव, ताम्हिणी घाट, पुणे करून वाघोलीवरून आलो. पेरण्याला जयस्तंभापाशी थांबलो, शिकरापूर, तळेगाव ढमढेरे करत पाचव्या दिवशी रात्री न्हावऱ्याला पोहोचलो. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणे झाले. गाडीवर धुळीचा थर बसला होता. सकाळी पाहिले तर मागच्या फळीवर पोरीने बोटाने धुळीत जयभीम लिहिले होते. धाकट्याने गाडी धुवायला काढली. सारी गाडी धुतली, ती फळी तेवढी राहू दिली. दोन दिवसांनी भाड्याला गेला तेव्हा वाऱ्याने ती अक्षरे पुसली गेली. रंगाने लिहायचे की नाही, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. मी बोललो नाही. ज्याने फोटो सीटखाली ठेवला, त्याने दुसऱ्याला काय सांगावे?

वाचकहो, माझे सांगणे एवढेच. नातवंडांना सुट्टीत फिरवा. त्यासाठी गाडी पाहिजेच असे नाही. आपली एस.टी. आहे. लहान मुलांना अर्धे तिकीट, महिलांना अर्धे, पासष्टी ओलांडलेल्यांना अर्धे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. साताऱ्याला न्या, महाडला न्या, जिथे जमेल तिथे न्या. आणि जाताना स्मारकांच्या तारखांबरोबर तुमची स्वतःची गोष्टही सांगा. कुठे पाणी मिळाले नाही ते सांगा आणि कुठे तुम्ही स्वतःच मान खाली घातली तेही सांगा. ते ऐकून पोरे आपल्याला कमी लेखत नाहीत. आपण एकटेच भ्यालो नव्हतो हे त्यांना कळते आणि त्यांच्या पाठीवरचे ओझे उतरते. फोटो उतरवणाऱ्या पोराला मारू नका. त्याला तो प्रश्न कुणी आणि कसा विचारला, ते आधी विचारा.

शाळा सुरू झाल्यावर जुलैत सूनबाईचा फोन आला. तीच मैत्रीण पुन्हा घरी आली होती. फोटो भिंतीवरच होता. मैत्रिणीने विचारले, हे कोण? सूनबाई म्हणाली, मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी राहिले. नातीने तिला सगळी गोष्ट सांगितली. मसूरचे स्टेशन, जरीच्या टोप्या, पोरांनी हाकलेली बैलगाडी, गढूळ डबके, नाकेवाला. आपल्या आबांची मात्र सांगितली नाही. ती तिने माझ्यासाठी राखून ठेवली.

मैत्रीण सगळे ऐकून म्हणाली, "मग त्यांना पाणी कधी मिळालं?"

नात म्हणाली, "दुसऱ्या दिवशी. पण नीट मिळायला सव्वीस वर्षं लागली. थांब, तुला पाणी आणते." आणि दोघींसाठी दोन पेले पाणी घेऊन आली.